विद्यापीठाच्या नवोपक्रम केंद्रात पहिल्यांदा जाताना

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात किंवा कोल्हापूरच्या आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हॅकॅथॉन, प्रोटोटाइप कार्यशाळा, पिचिंग (आपली कल्पना थोडक्यात मांडणे) असे काही ना काही वर्षभर चालू असते. सूचना फलकावर पत्रक लागते, वर्गाच्या ग्रुपवर फिरते आणि तरीही बरेच जण ‘आपल्याकडे कल्पनाच नाही, जाऊन काय करायचे’ असे म्हणून नोंदणीचा अर्ज अर्धवट सोडतात. अशा कार्यक्रमांत काही वर्षे मेंटर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कल्पना नसल्याने फारसे अडत नाही. जवळून पाहिलेला एखादा प्रश्न मात्र हाताशी असावा लागतो. तो प्रश्न कोठून आणायचा, तो घेऊन आत कसे शिरायचे आणि बाहेर पडताना काय सांभाळायचे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : कार्यक्रमाचा प्रकार ओळखा

आधी नावाचा घोळ मिटवू. पत्रकावर ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य’ असे लांबलचक नाव दिसले तर बिचकू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ या कायद्याने विद्यापीठांत या कामासाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद केली आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. बोलताना सगळे ‘इनक्युबेशन सेंटर’ म्हणतात. गेटवर पत्ता विचारतानाही तेच म्हणावे, लवकर पोहोचाल. महाविद्यालयांच्या पातळीवर जी ‘आयआयसी’ ऐकू येते ती म्हणजे इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल; केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २०१८मध्ये ही योजना सुरू केली. तुमच्या महाविद्यालयात ती असेल तर तिचे समन्वयक प्राध्यापक कोण, हे आजच विचारून ठेवा, कारण बहुतेक कार्यक्रमांच्या सूचना त्यांच्याकडेच प्रथम येतात.

व्याख्यानाला जायला तयारी लागत नाही. कार्यशाळेत हाताने काम करायला मिळते, म्हणून अगदी नवख्याने सुरुवात तेथून करावी. हॅकॅथॉनमध्ये ठरलेल्या तासांत चालणारी वस्तू किंवा चालणारे सॉफ्टवेअर उभे करायचे असते. २०१७पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनमध्ये सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते, संघ सहा जणांचा लागतो आणि त्यात किमान एक मुलगी असणे बंधनकारक आहे. त्यासाठीची निवड आपापल्या महाविद्यालयातील अंतर्गत फेरीतून होते. ‘आविष्कार’ हे प्रकरण वेगळे आहे. राज्यातील विद्यापीठांमधला हा संशोधन महोत्सव २००६मध्ये सुरू झाला. त्यात भाषा, वाणिज्य, विधी, शेती, औषधनिर्माण अशा सर्व शाखांना जागा आहे, पोस्टर लावून आपले काम समजावून सांगावे लागते आणि विद्यापीठाच्या फेरीतून राज्याच्या फेरीपर्यंत जाता येते. मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्याने ‘तंत्रज्ञान म्हणजे आपले काम नव्हे’ असे समजून आविष्कार सोडू नये.

वर्षातले काही दिवस लक्षात ठेवले तर पत्रकाची वाट पाहावी लागत नाही. १६ जानेवारीचा राष्ट्रीय स्टार्टअप दिन, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, २६ एप्रिलचा जागतिक बौद्धिक संपदा दिन आणि ११ मेचा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन यांच्या आगेमागे हमखास काही तरी ठेवलेले असते. एप्रिल-मे हा परीक्षांचा हंगाम असल्याने त्या दोन कार्यक्रमांना गर्दी कमी असते आणि मेंटर निवांत भेटतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी : प्रश्न शोधा, आणि तो आपल्या डोळ्यांनी पाहा

येथे थोडे थांबू, कारण निम्म्याहून अधिक संघ येथेच घसरतात. ‘शेतकऱ्यांसाठी ॲप’, ‘पूरग्रस्तांसाठी ॲप’, ‘स्मार्ट कचरापेटी’ असे विषय दर वर्षी येतात आणि दर वर्षी ज्युरी तेच दोन प्रश्न विचारून त्यांना खाली बसवते : हे कोणाला हवे आहे, आणि त्याला तुम्ही कधी भेटलात?

पुराचेच घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पावसाळ्यात हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही पाठ असतात. बंधाऱ्यावरचा आकडा मोबाइलवर दाखवणारे आणखी एक ॲप कोणालाच नको आहे. परंतु २०१९ आणि २०२१चा पूर अंगावर घेतलेल्या एखाद्या गल्लीत गेलात, तर बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर असताना आपल्या उंबऱ्याला लागते, गटारातून उलटे पाणी आधी येते की नदीकडून, जनावरे कोणत्या वेळी हलवावी लागतात, हे तेथील वयस्कर माणसे नेमके सांगतात. ही माहिती कोणत्याही संगणकावर नाही. गल्लीनिहाय ती गोळा करून नकाशावर मांडणे हा हॅकॅथॉनच्या वेळेत बसणारा, खरा प्रश्न आहे.

फाउंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा, प्रश्न हवा असेल तर शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत जावे लागेल. तेथे आधी ओळख काढून, सुपरवायझरची वेळ घेऊन, पायांत बंद बूट घालून जावे. चपला घालून आलेल्या मुलांना गेटवरूनच परत पाठवतात आणि ते बरोबरच आहे. आत गेल्यावर ‘तुम्हाला काय अडचण आहे’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘माणसे मिळत नाहीत’ हेच येते. ‘काल किती कास्टिंग रिजेक्ट झाले आणि का?’ असे विचारा. मग ब्लोहोलचा, म्हणजे ओतलेल्या भागात राहणाऱ्या पोकळ छिद्राचा, विषय निघतो, त्यातून साच्याच्या वाळूतील ओलाव्याचा, आणि साचे करणारा मोल्डर मूठभर वाळू हातात दाबून ‘झाली’ म्हणतो ते पाहायला मिळते. त्या मुठीत एक अख्खा प्रकल्प आहे.

या गावाला ही रीत नवीन नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी येथेच स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, तोही विकतच्या यंत्राची रचना समजून घेऊन, लेथवर भाग कातून. आज आपण त्याला प्रोटोटाइप म्हणतो. उद्यमनगरातले मिस्त्री ‘एक पीस करून बघू’ म्हणतात.

प्रश्न जवळून पाहणे म्हणजे काय, हे एका संघाच्या उदाहरणाने सांगतो. चौघे होते : इलेक्ट्रॉनिक्सचे दोघे, वाणिज्य शाखेची एक मुलगी आणि चुलत्यांचे गुऱ्हाळ असलेला एक मुलगा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा गुळाची प्रत सांभाळणारे यंत्र करू, असा त्यांचा मोघम विचार होता. मी त्यांना आधी एक आधण, म्हणजे काहिलीभर रसाचा गूळ, पूर्ण होईपर्यंत गुऱ्हाळावर बसून यायला सांगितले. परत आले ते वहीची चार पाने भरून. काहिलीत रस उकळू लागल्यावर रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते व ती काढतात. जाळ घालणारा चिपाडे सारतो आणि गूळ करणाऱ्या गुळव्याच्या नुसत्या मानेच्या खुणेवर हात आखडता घेतो. शेवटी गुळव्या उकळता पाक थंड पाण्यात टाकून बोटांत फिरवून पाहतो. मुलांनी विचारले, ‘मामा, झालं का?’ ‘न्हाई पोरा, अजून गोळी धरंना,’ असे उत्तर आले, आणि त्यानंतर अवघ्या काही मिनिटांत काहील उतरवण्याची अशी धांदल उडाली की मुलांना बाजूला व्हावे लागले.

त्या काही मिनिटांत प्रश्न सापडला. घट्ट गुळासाठी पाक साधारण ११६ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा लागतो. गुळव्या तो क्षण बोटांनी अचूक ओळखतो, पण त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला तो ओळखता येत नाही, आणि जाणते गुळवे कमी होत चालले आहेत. म्हणजे गुळव्याची जागा घेणारे यंत्र नको होते. शिकाऊ पोराला ‘आता गोळी करून बघ’ असे सांगणारी घंटी हवी होती. संघाचा विषय एका ओळीत बसला आणि त्यावर ज्युरीला विचारण्यासारखे काही राहिले नाही.

तिसरी पायरी : संघ आणि नोंदणी

संघात एकाच वर्गातले सहा मित्र घेऊ नयेत. वरच्या उदाहरणातील वाणिज्य शाखेच्या मुलीने पहिल्याच दिवशी ‘एक आधण बिघडले तर किती रव्यांचा (गुळाच्या ढेपांचा) भाव उतरतो?’ असे विचारले आणि तो हिशेबच पुढे सादरीकरणाचा कणा झाला. नोंदणीला महाविद्यालयाचे ओळखपत्र, प्राचार्यांचे किंवा विभागप्रमुखांचे पत्र आणि सर्वांचे मोबाइल क्रमांक लागतात. पत्रावर सही मिळायला दोन दिवस धरा. कराड, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज येथून येणाऱ्यांनी मुक्कामाची सोय आहे का, विशेषतः मुलींची, हे नोंदणीच्या वेळीच लेखी विचारावे. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे येतात, त्यामुळे हे विचारताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बस स्थानक एकमेकांजवळच आहेत. तेथून केएमटीच्या शहर बसने किंवा रिक्षाने विद्यापीठ गाठता येते. परिसर अवाढव्य असल्याने मुख्य गेटवर उतरून ‘जवळच असेल’ म्हणून चालत निघू नका. विभागाचे नाव आधी विचारून घ्या.

चौथी पायरी : पिशवीत काय हवे

केंद्रात सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, थ्री-डी प्रिंटर असे साहित्य बहुधा असते, पण ते वीस संघांत वाटले जाते. एक्स्टेन्शन बोर्ड, जंपर वायरी, एक जादा कंट्रोलर बोर्ड, चिकटपट्टी आणि लहान स्क्रू-ड्रायव्हर स्वतःचे न्यावेत. थ्री-डी प्रिंट काढायचे असेल तर फाइल घरून तयार करून आणा, कारण मुठीएवढ्या वस्तूलाही काही तास सहज लागतात आणि प्रिंटरपुढची रांग मध्यरात्रीही हटत नाही.

दर वेळी तीच चार-दोन संकटे येतात, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. ईएसपी-३२ हा स्वस्त कंट्रोलर बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय पकडतो. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्याला तो दिसतच नाही आणि मुले दोन तास कोडमध्ये चूक शोधत बसतात. संस्थेच्या वायफायला लॉगिनचे पान उघडावे लागत असेल तर तेथेही हा बोर्ड अडतो. म्हणून स्वतःचा हॉटस्पॉट आणि पुरेसा डेटा ठेवा. हाच बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो, त्याच्या पिनेला ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडून बोर्ड जाळल्याशिवाय एकही हॅकॅथॉन पार पडलेले मी पाहिले नाही. पॉवर बँकेवर भरवसा ठेवताना हेही तपासा की, विजेचा वापर फार कमी असला तर अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात, आणि त्या नेमक्या परीक्षक समोर असताना होतात.

गुळाच्या संघाने सुरुवातीला बाजारात मिळणारा तापमान मोजणारा पाणीरोधक डीएस-१८-बी-२० सेन्सर आणला होता. त्याची कमाल मर्यादा १२५ अंश आहे, म्हणजे कागदावर तो चालायला हवा. पण त्याची प्लास्टिकची वायर काहिलीच्या काठावर मऊ पडली आणि सेन्सर मान टाकून बसला. मग के-प्रकारचे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) आणि त्याचे माप वाचणारी मॅक्स-६६७५ ही चिप घेतली. दुसऱ्या दिवशी नवा गोंधळ झाला : उकळत्या पाण्यात ते १०० ऐवजी ९८ दाखवू लागले. दोन अंशांची चूक समजून मुलांनी कोडमध्ये दोन मिळवले सुद्धा! चूक नव्हतीच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. मिळवलेले दोन त्यांनी काढून टाकले आणि ही गोष्ट सादरीकरणात प्रामाणिकपणे सांगितली. परीक्षकांना ती यंत्रापेक्षा जास्त आवडली असावी.

पाचवी पायरी : त्या दिवशी

उद्घाटनाच्या भाषणात वेळापत्रक, गुणांची विभागणी आणि मेंटरच्या फेऱ्या सांगतात, म्हणून ते चुकवू नका. पहिल्या दोन तासांत कोड लिहायला घेऊ नये; तेवढ्या वेळात शेवटी काय दाखवायचे त्याचे चित्र कागदावर काढून सर्वांनी त्यावर एकमत करावे. मेंटर आला की संपूर्ण कहाणी सांगत बसण्याऐवजी अडलेली एकच गोष्ट विचारा. ‘सर, छान आहे का?’ असे विचारल्यास तो ‘छान आहे’ म्हणून पुढे जातो, मीही जातो. रात्री आळीपाळीने झोपा. सहाही जण जागे राहिलेला संघ पहाटे चालू असलेली वस्तू हमखास बिघडवतो. पहाटेनंतर नवे काहीही जोडू नका, आणि वस्तू चालत असतानाची चित्रफीत मोबाइलवर काढून ठेवा. सभागृहात ती बंद पडली तर तेवढाच आधार असतो.

सहावी पायरी : पाच मिनिटांचे सादरीकरण

संस्थेचा इतिहास, संघातील सदस्यांची ओळख आणि आभार यांत पहिली दोन मिनिटे घालवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती येथे सोडावी. पहिल्या वाक्यात ज्याचा प्रश्न आहे तो माणूस उभा करा, मग वस्तू चालवून दाखवा, मग खर्च सांगा. मराठीत बोलण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते, आयोजकांना आधी विचारा. पाठ केलेल्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा मराठीत नेमके बोललेले परीक्षकांना चांगले समजते. स्लाइडवर मोजमाप दाखवताना किती वेळा मोजले तेही लिहा. तीन आधणांवर घेतलेली चाचणी असेल तर तीनच म्हणा, ‘यशस्वी चाचण्यांनंतर’ असे गोलमाल शब्द नकोत. ‘हे विकत कोण घेईल?’ हा प्रश्न येणारच. त्याला ‘सर्व शेतकरी’ हे उत्तर नसून ‘आम्ही दोन गुऱ्हाळमालकांशी बोललो; एक तयार आहे, दुसरा म्हणाला की वाफेत डिस्प्ले दिसत नाही, घंटीच ठेवा’ हे उत्तर आहे.

सातवी पायरी : दाखवण्यापूर्वी पेटंटचा विचार

हा भाग नवख्यांना कोणी सांगत नाही आणि नुकसान येथेच होते. भारतीय पेटंट कायदा, १९७० नुसार शोध नवा असावा लागतो, आणि अर्जाच्या आधी तो सर्वांसमोर उघड झाला तर सर्वसाधारणपणे नवेपणा संपतो. पोस्टर, चित्रफीत, स्टेटसवर टाकलेला सर्किटचा फोटो, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, हे सगळे ‘उघड करणे’ ठरू शकते. कलम ३१मध्ये प्रदर्शनांसाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. महाविद्यालयाचे प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही.

उपाय अवघड नाही. आपल्या वस्तूत खरोखर नवे काही आहे असे वाटत असेल तर कार्यक्रमाआधी तात्पुरत्या विवरणासह अर्ज करता येतो आणि पूर्ण विवरण देण्यासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. २०२१च्या नियमदुरुस्तीपासून शैक्षणिक संस्थांनाही तेच लागते, इतरांना ८००० रुपये. पुढे तपासणीचे शुल्क वेगळे भरावे लागते. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्ज करणे जमले नाही तर निदान ते कसे चालते हे न सांगता काय करते एवढेच मंचावर दाखवा. परीक्षकांकडून गोपनीयतेच्या करारावर सही मागण्याचा आग्रह मात्र धरू नका, तसा करार कोणी करत नाही.

सगळ्याचेच पेटंट होत नाही, हेही लक्षात घ्यावे. कलम ३ प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला ते मिळत नाही आणि पारंपरिक ज्ञानालाही नाही. थंड पाण्यात गोळी करून पाक ओळखणे ही गुळव्यांची विद्या आहे. त्यावर कोणाही संघाचा हक्क सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. मालकीचा प्रश्नही आधी मिटवा. केंद्र सरकारच्या २०१९च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाचा रोख असा आहे की, संस्थेचा निधी आणि साधने मोठ्या प्रमाणात वापरली असतील तर बौद्धिक संपदा संशोधक आणि संस्था यांची संयुक्त असावी. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी केले असेल तर ती संशोधकाची. आपल्या संस्थेचे याबाबतचे लेखी धोरण मागून वाचा आणि संघातील वाटाही एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री आहे तोवरच हे काम सोपे असते.

आठवी पायरी : कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस

बक्षीस मिळो वा न मिळो, पंधरा दिवसांच्या आत केंद्रातील समन्वयकांना भेटून पुढे जागा, मार्गदर्शन किंवा निधी कोणत्या योजनेतून मिळू शकतो हे विचारा. त्यानंतर तुमचा चेहराही त्यांच्या लक्षात राहत नाही. राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीचे उपक्रम असतात, त्यांच्या सूचना पाहत राहा. प्रयोगशाळेसारखी जागा कशी चालते हे पाहायचे असेल तर पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम एकदा अवश्य पाहून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तो सुरू केला आणि २००२मध्ये तेथे फॅब लॅब (कल्पनेतली वस्तू स्वतः बनवून पाहण्याची यंत्रसज्ज कार्यशाळा) उभी राहिली, अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या काही फॅब लॅबपैकी ती एक. ग्रामीण मुले तेथे लेसर कटरवर काम करताना पाहिली की आपल्या केंद्रातला धूळ खात पडलेला प्रिंटर वापरायची लाज वाटत नाही.

आणि ज्याचा प्रश्न घेऊन गेला होतात त्याच्याकडे परत जा. गुळाच्या संघाचे हॅकॅथॉन उन्हाळ्यात झाले, तेव्हा गुऱ्हाळे विझलेली होती. मुलांनी मधल्या महिन्यांत घंटीला पत्र्याची पेटी केली, कारण थ्री-डी प्रिंटची पीएलए प्लास्टिकची पेटी साठ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि चुलाणाजवळ ती टिकणार नव्हती. दिवाळीच्या आसपास चुलाण पुन्हा पेटले, तेव्हा ते थर्मोकपल उकळत्या पाण्यात पुन्हा एकदा तपासून घेऊन गुऱ्हाळावर गेले. पहिल्या आधणाला घंटी वाजली तेव्हा गुळव्याने आधीच पाण्याचे भांडे पुढे ओढलेले होते. त्याने मुलांकडे पाहिले, शिकाऊ पोराला हाक मारली आणि गोळी त्याला करायला लावली.